निकलाय आडवा का झाला

माझ्या नवऱ्याला आमच्या देशात सगळे ओळखतात. यात फुशारकी मारण्यासारखं काही नाही. फेरो बेटांवर माणसांपेक्षा मेंढरं जास्त, आणि आम्ही एकमेकांची मेंढरंसुद्धा ओळखतो. पण निकलायला लोक ओळखतात ते वेगळ्याच कारणाने. देशाच्या फुटबॉल संघाकडून तो आयुष्यात एकच सामना खेळला, तोही पुरता नाही, आणि त्या सामन्यात ऐन पेनल्टीच्या वेळी तो मैदानात आडवा झाला. तेव्हापासून तो ‘आडवा निकलाय’. टोर्सहाव्हनला दवाखान्यात गेलो तरी नर्स म्हणते, “अय्या, ते आडवे झालेले तुम्हीच का?” आणि हा वेडा हसून मान डोलावतो.

गेल्या महिन्यात टीव्हीवाले आले. आमच्या संघाचा इतिहास दाखवणार आहेत म्हणे. पहिला गोल, पहिला विजय, आणि मध्येच लोकांना जरा हसवायला निकलाय. एक तरुण मुलगी होती, स्वभावाने गोड, हातात माइक. तिने विचारलं, “आजोबा, ते तुम्ही मुद्दाम केलं होतं का? गंमत म्हणून?” निकलायने तिच्या बशीत रुबार्बच्या केकचा आणखी एक तुकडा ठेवला आणि म्हणाला, “खा ग पोरी, लांबून आली आहेस.” एवढीच मुलाखत. मी मात्र भांडी घासता घासता इतकी आपटली की त्यांच्या आवाजवाल्याने कानावरची यंत्रं काढून माझ्याकडे पाहिलं. निकलाय बोलणार नाही. चाळीस वर्षं संसार केलाय मी त्याच्याबरोबर, तो मेला तरी बोलणार नाही. म्हणून मी बोलते. माझं नाव बाइन्ता.

आमचं गाव हामारनेस. डोंगर आणि समुद्र यांच्यामध्ये जी काय सपाट जागा देवाने चुकून ठेवली, तिच्यावर चर्च बांधलं आणि उरली तिथे मैदान केलं. तेव्हा मैदानावर गवत नव्हतं, तांबडी खडी होती. आमच्या वयाच्या कुठल्याही पुरुषाला पँट गुडघ्यापर्यंत वर करायला सांगा, ती खडी अजून तिथे सापडेल. सामना असला की खाडीत एक होडी उभी असायची, बाहेर गेलेले चेंडू गोळा करायला. आणि वारा. त्याला आम्ही काही म्हणत नाही, तो घरातलाच. पण पेनल्टी मारायची म्हणजे चेंडू एका जागी थांबला तर पाहिजे ना? ठिपक्यावर ठेवला की निघाला गडगडत. म्हणून आमच्याकडे रीत आहे, नियमातही बसवून घेतलेली. आपल्याच संघाचा एक गडी चेंडूशेजारी पालथा पडतो, हात लांब करून एक बोट चेंडूवर टेकवतो, आणि दुसरा धावत येऊन मारतो. बोट कधी काढायचं ते त्या दोघांनाच कळतं. यात कुणी हसत नाही. हसायचं काय त्यात? शिडी चढणाऱ्याची शिडी खाली कुणीतरी धरतंच.

हामारनेसच्या संघात चेंडू धरायचा निकलाय, आणि मारायचा हाइनी, त्याचा धाकटा भाऊ.

दोघांत आठ वर्षांचं अंतर. बाप समुद्रात बुडाला तेव्हा हाइनी पाळण्यातून नुकता उतरला होता. माझी सासू सन्ना दिवसभर मासळीच्या कारखान्यात उभी असायची, त्यामुळे हाइनीला भरवणं, त्याचं नाक पुसणं, त्याला शाळेत ओढत नेणं हे सगळं निकलायने केलं. खेळायला गेला की त्याला गोलच्या जाळीमागे बसवून ठेवायचा. पोरगं तिथेच बसून खेळ शिकलं असावं. कारण पुढे तो जे खेळायला लागला ते निकलायकडून शिकण्यासारखं नव्हतं. बायको आहे म्हणून खोटं बोलणार नाही, निकलाय बरा खेळायचा. बरा म्हणजे बराच, त्याच्यावर नाही. बचावात उभा राहायचा, आडवं येईल ते लाथाडायचा. हाइनी मात्र चेंडू घेऊन निघाला की होडीतला माणूससुद्धा वल्ही सोडून उभा राहायचा.

“बारक्या, लवकर मार, हाताला मुंग्या आल्यात,” निकलाय खालून ओरडायचा.

“म्हाताऱ्या, बोट काढ वेळेवर, नाहीतर तेही जाळीत जाईल,” हाइनी मागून ओरडायचा.

दर वेळी हेच, आणि दर वेळी सगळं गाव हसायचं. हाइनीची पेनल्टी कधी चुकली नाही असं नाही, पण मला चुकलेली आठवत नाही.

मी एकदा निकलायला विचारलं, “मारताना हाइनीचा चेहरा कसा असतो रे? आम्हाला पाठच दिसते.”

“मला काय ठाऊक,” तो म्हणाला. “गाल खडीवर टेकलेला असतो. तिथून फक्त बूट दिसतात. बूट येतात, मी बोट काढतो.”

आता आमच्या देशाच्या संघाचं सांगायचं तर पूर्वी तो खेळायचा शेजाऱ्यापाजाऱ्यांशी. आइसलंडची पोरं, शेटलंडची पोरं. बोटीने जायचं, वाटेत ओकायचं, हरायचं, त्यांच्याकडे जेवायचं, परत यायचं. जगाच्या लेखी आम्ही नव्हतोच. मग ऐंशीच्या दशकाच्या शेवटी जगाने आम्हाला पंगतीला घेतलं, म्हणजे जागतिक फुटबॉल संघटनेने सभासद करून घेतलं. बातमी आली त्या दिवशी गावात घराघरावर झेंडे लागले. एरवी वाऱ्यामुळे झेंडे फाटतात म्हणून आम्ही ते जपून वापरतो, पण त्या दिवशी कुणी पर्वा केली नाही. त्या हिवाळ्यात टोर्सहाव्हनला सराव ठेवला होता आणि त्यातून संघ निवडणार होते. हामारनेसमधून दोन नावं आली. हाइनीचं येणारच होतं. निकलायचं आलं तेव्हा तो स्वतःच म्हणाला, “चुकून आलं असेल.” आणि मग मागच्या दारी जाऊन बराच वेळ उभा राहिला. एकतीस वर्षांचा होता. त्याने आयुष्यात स्वतःसाठी काही मागितलेलं मी पाहिलं नव्हतं. पण हे त्याला हवं होतं. डोळ्यांत दिसत होतं.

दोघंही कारखान्यात मासे कापायला. आणि हिवाळा म्हणजे मासळीचा हंगाम. मुकादम आमचाच, वाईट माणूस नव्हे, पण त्याने हात वर केले. म्हणाला, एकाच घरातले दोन सुरीवाले इतके दिवस सोडले तर माझं टेबल बंद पडेल, एकाला सोडतो.

त्या रविवारी आम्ही सन्नाकडे जेवायला होतो. टेबलावर वाऱ्यात सुकवलेलं मटण, बटाटे. मी, निकलाय, हाइनी आणि त्यांची आई.

“हाइनी जाईल,” निकलाय म्हणाला. “यात बोलायचं काय?”

“वा रे वा,” हाइनी म्हणाला. “आणि म्हातारा घरी बसून लोकर विंचरेल. तू जा. तुझं हे शेवटचंच वर्ष, पुढच्या साली तुला काठी लागेल.”

“गप रे.”

“गप काय? मी कारखानाच सोडतो, माझ्या जागी मुकादम कायमचा दुसरा घेईल. त्या उत्तरेकडे मासेमारीला जाणाऱ्या बोटीवर एक जागा आहे, मी बोलूनसुद्धा ठेवलंय. एक फेरी मारतो, वसंतात परत. बोटीवरून उतरलं की माणूस मोकळा, मुकादमाचं तोंड बघायला नको. प्रशिक्षक म्हणाला, तू उन्हाळ्यात आलास तरी तुला घेतो. तुला घेईल का नंतर? सांग ना, घेईल?”

खरं होतं ते. हाइनीला कुणीही कधीही घेतलं असतं.

सन्नाने सुरी खाली ठेवली. “बोटीवर नाही जायचं,” ती म्हणाली. “या घरातून एक गेलाय.”

“आई, एक फेरी ग!” हाइनी उठून तिच्या मागे गेला आणि तिच्या डोक्यावर हनुवटी टेकवून उभा राहिला. “येताना तुला काय आणू? अस्वल आणू?”

ती हसली. हाइनीपुढे ती नेहमी हसायची, तिचा इलाज नव्हता. निकलायने ‘नको जाऊस’ म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. मी समोरच बसले होते. ते मला दिसलं, आणि सन्नालाही दिसलं.

फेब्रुवारीत बोट बुडाली. आधी रेडिओवर एवढंच आलं की संपर्क नाही. मग दोन दिवस काहीच नाही. आमच्याकडे अशा वेळी कुणी कुणाला विचारत नाही. पाद्री काळा झगा घालून चर्चच्या वरच्या वाटेने खाली उतरतो आणि गावातल्या सगळ्या बाया खिडकीत उभ्या राहून बघतात, तो कुणाच्या दारात वळतो ते. मीही उभी होते. तो आमच्या दारावरून पुढे गेला. मला बरं वाटलं, आणि मग आठवलं की पुढे सन्नाचं घर आहे.

निकलाय टोर्सहाव्हनहून आला. समुद्राने काही परत दिलं नाही. पुरायला काही नव्हतं. घर भरलेलं होतं, शेजारणी कॉफी करत होत्या. सन्ना खुर्चीत बसली होती. निकलाय तिच्यासमोर जाऊन गुडघ्यावर बसला, तिचे हात हातात घेतले. तिने हात काढून घेतले आणि म्हणाली, “तू मोठा होतास.”

एवढंच. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, ओरडणं विरून जातं. त्यानंतर तिने त्याच्याशी बोलणं बंद केलं. आमच्या आणि तिच्या घरामध्ये दोनच दारं, पण ती आमच्या उंबऱ्यात आली नाही. निकलाय रोज तिच्याकडे जायचा. कोळसा भरायचा, मेंढ्या बघायचा, बर्फ उपसायचा. ती त्याच्याकडे पाठ करून विणत बसायची. आणि तो एकदाही रडला नाही. मी वाट बघत होते. माणूस रडला की निदान कळतं, तो आत कुठेतरी जिवंत आहे.

संघात जायला त्याने नकार दिला. प्रशिक्षक आमच्या घरी आला, टोपी हातात धरून बसला. म्हणाला, “निकलाय, जागा त्याने तुला दिलीय. तू नाही घेतलीस तर त्याने ती कशासाठी दिली?” कुणाला हे वाक्य शहाणपणाचं वाटेल. मला त्याच्या डोक्यात किटली घालावीशी वाटली. पण निकलाय उठला आणि सन्नाकडे गेला, विचारायला. परत आला तेव्हा मी म्हटलं, “काय म्हणाली?”

“काही नाही.”

“नको म्हणाली का?”

“तेही नाही. मग मी जातो.”

त्याला काय हवं होतं ते मला माहीत होतं. देशाचा सदरा अंगात घालून, काहीतरी करून परत यायचं आणि तिच्यापुढे उभं राहायचं, म्हणजे ती बोलेल. शिवी दिली तरी चालेल, पण बोलेल.

सामना मैत्रीचा होता, दक्षिणेकडच्या एका मोठ्या देशात. नाव घेत नाही, माझा त्यांच्यावर अजून राग आहे. मोठं मैदान, हिरवंगार गवत, उन्हाळा. मी घरी रेडिओला कान लावून. भिंतीपलीकडच्या शेजारणीचा रेडिओ मला ऐकू येत होता, आणि तिच्या पलीकडे सन्नाचाही लागला होता. कुणाला सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं, पण लागला होता.

चार गोल खाऊन झाले होते. आमच्या एका बचाववाल्याचा पाय मुरगळला आणि निकलायला आत पाठवलं. रेडिओवाल्याने त्याचं नाव घेतलं तेव्हा मी टेबलाची कड धरली. आणि मग, देवाला काय सुचलं कोण जाणे, शेवटी शेवटी आम्हाला पेनल्टी मिळाली. मोठ्या देशाविरुद्ध, त्यांच्या मैदानावर, आम्हाला! रेडिओवाला किंचाळायला लागला. कप्तान ट्रोंडुरने चेंडू ठिपक्यावर ठेवला, तो मागे गेला.

आणि रेडिओवाल्याचा आवाज बदलला. “आता हे काय? निकलाय... निकलाय चाललाय चेंडूकडे... अहो, हा खाली झोपला! बोट लावलंय चेंडूला! अरे बाबा, तिथे वारा नाहीये!” आणि तो हसायला लागला. त्याच्या मागे सगळं मैदान हसत होतं. हजारो माणसं एकदम हसली की समुद्रासारखा आवाज येतो. “पंच उठ म्हणतायत. तो उठत नाहीये. मंडळी, आपला निकलाय उठतच नाहीये!”

मी रेडिओ बंद केला नाही. ऐकत राहिले. शेवटी ट्रोंडुर आणि आणखी एकाने त्याला काखेत धरून उचललं. मग ट्रोंडुरने पेनल्टी मारली आणि त्यांच्या गोलकीपरने ती आरामात अडवली. ट्रोंडुरला मी दोष देत नाही. अशा तमाशानंतर कुणाचा पाय सरळ पडेल?

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो आला. पालथा पडलेला माणूस, लांब केलेला हात, आणि मागे हसणारे लोक. जगाने पंगतीला घेतलं आणि आपण ताटात हात धुतला, असं कुणीतरी लिहिलं. त्याला पुन्हा कधी बोलावलं नाही. तो कारखान्यात परत गेला, गुडघे जाईपर्यंत मासे कापत राहिला. पुढे आमच्या संघाने एका मोठ्या देशाला हरवलं, तेही परक्या देशातल्या मैदानावर, कारण आमच्याकडे तोवर गवताचं मैदानच नव्हतं. त्या दिवशी सगळ्या कारखान्याने सुऱ्या टाकल्या. निकलाय इतरांइतकाच नाचला. घरी येऊन म्हणाला, “हाइनी असता तर आणखी एक झाला असता.” लोक विसरत गेले, पण नाव राहिलं. चेष्टा करणाऱ्यांवर तो चिडत नाही. त्याला वाटतं, लोकांना हसायला मिळतंय तर हसू देत. मला तसं वाटत नाही.

तो परत आला त्या दिवसाचं सांगायचं राहिलं. धक्क्यावर संघाला घ्यायला लोक आले होते. सगळ्यांशी हात मिळवले, निकलायचा हात मात्र जरा घाईघाईने. घरी आला, बूट काढले आणि बटाटे सोलायला बसला. मी समोर बसले.

“का रे?” मी विचारलं.

“ठरवून नाही केलं. शिट्टी वाजली आणि पाय तिकडे गेले. इतकी वर्षं जातायत.”

“पण वारा नव्हता ना तिथे.”

“ते मला खाली गेल्यावर कळलं. गवत हलत नव्हतं.”

“मग उठायचं होतंस! पंच सांगत होता, लोक हसत होते...”

“बूट यायचे होते,” तो म्हणाला.

आणि मग तो रडला. हातात अर्धा सोललेला बटाटा, आणि खांदे गदगदा हलतायत. मी त्याला रडू दिलं.

तेवढ्यात दार उघडलं. आमच्याकडे दार वाजवत नाहीत, पण हे दार उघडणारा हात मी फेब्रुवारीपासून पाहिला नव्हता. सन्ना. डोक्याला रुमाल नाही, पायात घरातल्या सपाता. ती आत आली आणि निकलायसमोर उभी राहिली. तो उठायला लागला, तिने खांद्यावर हात दाबून त्याला खाली बसवलं.

“मी ऐकत होते,” ती म्हणाली.

“हो, आई.”

“सगळे हसत होते.”

“हो.”

“मला ठाऊक होतं तू काय करतोयस.” तिचा हात त्याच्या खांद्यावरच होता. “सगळ्या देशात मला एकटीला ठाऊक होतं. तो रेडिओवाला म्हणत होता, उठत नाही, उठत नाही. मी म्हटलं, नको उठू. डोळे मिटून घेतले मी. तू चेंडू धरून होतास ना, तेवढा वेळ मला वाटलं तो येतोय. मागून धावत येतोय माझा हाइनी. आता येईल, आता मारेल...”

निकलाय तिच्याकडे बघत होता. इतक्या महिन्यांत तिने त्याला पहिल्यांदा हात लावला होता. तो हात आता त्याचा सदरा मुठीत धरून हलवत होता, जोराने नाही, लहान मूल मागे लागतं तसा.

“तू उठलास कशाला रे?” ती म्हणाली. “का उठलास?”